कामावर मनाला झालेली इजा: नुकसानभरपाईचा दावा कसा मांडायचा

पोलवर काम करताना शॉक लागून खाली पडलेल्या वायरमनचा मोडलेला हात दोन-तीन महिन्यांत जुळून येतो. प्लास्टर निघतं. ठेकेदार म्हणतो, "भाऊ, हात बरा झाला नं, आता या कामावर." हा माणूस पोलाच्या बुडाशी जाऊन उभा राहतो आणि त्याला दरदरून घाम फुटतो. छाती धडधडते, पाय वर उचलत नाही. रात्री झोपेतून ओरडत उठतो. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली, ठेकेदाराला वाटतं कामचोर झाला. नुकसानभरपाईच्या कागदावर मात्र "उजव्या हाताचे हाड मोडले, बरे झाले" एवढंच येतं, आणि पुढची दोन-तीन वर्षं घरात बसून गेली तरी त्यांचा हिशेब कोणी धरत नाही.

हा लेख अशा माणसांसाठी आणि त्यांच्यासाठी धावपळ करणाऱ्या घरच्यांसाठी आहे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये शेजारच्या बाईचा हात यंत्रात गेलेला पाहिलेली मजूर, वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे काम करणारा पोरगा, रोजानं फवारणी करणारा शेतमजूर, वाघाच्या हल्ल्यातून वाचलेला वनमजूर, अपघातानंतर स्टेअरिंगला हात लावू न शकणारा ड्रायव्हर. या सगळ्यांना कायद्यात जागा आहे. ती अरुंद आहे आणि आपल्याकडे फार थोडे जण तिथवर पोचतात. मनाची इजा खोटी असते म्हणून दावे पडत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत तिचा कागद तयार झालेला नसतो, म्हणून पडतात. म्हणून इथं सगळ्यात जास्त जागा कागदांनाच दिली आहे.

कायदा कोणता

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 हा या बाबतीतला जुना आणि मुख्य कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. आधी ज्यांना नुकसानभरपाई आयुक्त म्हणत, त्यांना संहितेत सक्षम प्राधिकारी म्हटलं आहे. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर वकील जुन्या कायद्याची कलमं लावतील, नंतरचा असेल तर संहितेची. मूळ चौकट दोन्हींत जवळजवळ तीच आहे.

चौकट अशी: कामाच्या ओघात आणि कामामुळे घडलेल्या अपघातानं कामगाराला इजा झाली, तर मालकानं भरपाई द्यायची. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. ही इजा फक्त हाडामांसाचीच असली पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. पण "अपघात" हा शब्द त्यात आहे, आणि मनाच्या दाव्यात सगळी ओढाताण तिथंच होते. व्यवसायजन्य आजारांची एक यादीही कायद्याला जोडलेली आहे. त्या यादीत नैराश्य, धास्तीचे झटके किंवा आघातानंतरचा मानसिक आजार यांची नावं नाहीत. त्यामुळे यादीकडे बोट दाखवून काम भागत नाही. मनाचं दुखणं अपघाताला जोडूनच दाखवावं लागतं.

तुमची गोष्ट कोणत्या प्रकारात बसते

वकिलाकडे जाण्याआधी घरी बसून हे नीट ठरवा, कारण पुढची वाट यावरच ठरते.

पहिला प्रकार: शरीराला इजा झाली आणि तिच्या मागोमाग मन खचलं. वरचा वायरमन यातलाच. हा दावा सगळ्यात पक्का, कारण अपघात कोणी नाकारत नाही. फक्त मनाचा भाग सुटू द्यायचा नाही.

दुसरा प्रकार: अंगावर ओरखडा नाही, पण एका ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी काहीतरी भयंकर घडलं. सोबतचा माणूस डोळ्यांदेखत गेला, खाणीत दरड कोसळली, पेट्रोल पंपावर रात्री चाकू लावून लूट झाली. इथं घटना आहे, तारीख आहे, त्यामुळे दावा मांडता येतो. पण सामनेवाला म्हणणार, "याला तर काहीच झालं नव्हतं." त्याला उत्तर देतो तो लवकर काढलेला मानसोपचार तज्ज्ञाचा कागद आणि सोबत्यांचे जबाब.

तिसरा प्रकार: महिनोन्महिने जाच, शिव्या, वसुलीचा दबाव, रात्रपाळ्या, आणि हळूहळू माणूस मोडला. हे दुःख पहिल्या दोनांहून कमी नाही, पण या कायद्यात ते बसवणं फार अवघड आहे, कारण बोट ठेवायला एक दिवस नसतो. अशांनी शेवटून दुसरा भाग आधी वाचावा.

ताणाबद्दल न्यायालयांनी काय म्हटलंय ते थोडं कामी येतं. 1950 च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयानं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कामगाराच्या मृत्यूच्या खटल्यात सांगितलं की आधीपासून आजार असला तरी कामाच्या ताणानं तो बळावला किंवा मृत्यू लवकर ओढवला, तर कामाचा संबंध धरता येतो. उलट 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं वाहनावरच्या कामगाराच्या हृदयविकाराच्या प्रकरणात बजावलं की कामावर असताना झटका आला एवढं पुरेसं नाही, कामाचा ताण पुराव्यानं दाखवावा लागतो. 2012 साली त्याच न्यायालयानं लांब पल्ल्यावर सतत गाडी चालवणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या घरच्यांच्या बाजूनं निकाल दिला. ही प्रकरणं हृदयाची आहेत, मनाची नाहीत. पण वकिलाला युक्तिवादाचा पाया इथूनच मिळतो. "आधीपासूनच याच्या डोक्यावर परिणाम होता" असं मालक म्हणाला, तर मुंबई पोर्ट ट्रस्टचा निकाल पुढे करता येतो.

दार कोणतं: ईएसआय की मालक

पगाराच्या चिठ्ठीवर 0.75 टक्के कपात आणि विमा क्रमांक दिसतो का, ते बघा. दिसत असेल तर तुम्ही राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये आहात. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार यात येतात. मग भरपाई मालकाकडून मागायची नसते, ईएसआयकडून मागायची असते. दोन्हीकडून घेता येत नाही. कामावरच्या इजेनं काही काळ कामावर जाता आलं नाही तर तिथं पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात, आणि कायमचं अपंगत्व त्यांचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. मालकानं अपघाताचा अहवाल ईएसआयला पाठवला की नाही याचा पाठपुरावा तुम्हीच करा. तो गेला नाही तर तुमची इजा साध्या आजारात जमा होते.

विदर्भात एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते. कापसाची जिनिंग आणि प्रेसिंग हे कायद्यानं "हंगामी कारखाने" आहेत आणि ईएसआयच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला भागातल्या जिनिंगमधल्या मजुराला ईएसआयच्या दवाखान्याचे हेलपाटे मारायचं कारण नाही. त्याचा दावा सरळ मालकावर लागतो. मालक सांगेल, "हंगामी माणूस आहे, आमच्या हजेरीवर नाही." हंगामी असल्यानं भरपाईचा हक्क जात नाही.

ठेकेदारामार्फत लागला असाल तरी मुख्य मालकावर दावा करता येतो. भरपाई मुख्य मालकानं द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, अशी कायद्यातच सोय आहे. ठेकेदार फोन उचलत नाही म्हणून थांबू नका.

शेतमजुरांमध्ये सगळेच येत नाहीत. ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्रावर शेतीकाम करणारे आणि कीटकनाशकाची फवारणी करणारे यांना कायद्याच्या यादीत जागा आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. वाचलेल्यांचं पुढे काय होतं, याकडे फारसं कोणी बघत नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांच्या विषबाधेनंतर चिडचिड, विसराळूपणा, झोप न लागणं, उदासी हे त्रास महिनोन्महिने राहू शकतात. व्यवसायजन्य आजारांच्या यादीच्या पहिल्या भागात सेंद्रिय फॉस्फरस संयुगांची विषबाधा आहे. त्या भागातल्या आजारांना सहा महिने सलग त्याच मालकाकडे काम केल्याची अट नाही, त्यामुळे रोजंदारीच्या माणसाचं घोडं इथं अडत नाही. शिवाय एकाच दिवशी विषबाधा होऊन भरती व्हावं लागलं असेल, तर तो सरळ अपघात म्हणून मांडता येतो. मनाचे त्रास त्याच दाव्यात लिहायचे. डब्याचा किंवा बाटलीचा फोटो काढून ठेवा, नाव आणि लाल-पिवळा त्रिकोण दिसेल असा.

पहिली पायरी: डॉक्टरला कामाची गोष्ट सांगा

ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्या दिवशी डॉक्टर केसपेपरवर जे लिहितात, त्यावर पुढची सगळी इमारत उभी राहते. आपल्याकडे माणूस जातो आणि म्हणतो, "झोप येत नाही, जीव घाबरा होतो." डॉक्टर गोळ्या लिहून देतात. वर्षभरानं तो कागद न्यायालयात जातो तेव्हा त्यात कामाचा उल्लेखच नसतो. त्याऐवजी असं सांगा:

"डॉक्टरसाहेब, अमुक तारखेला कामावर असताना पोलवर शॉक लागून मी पडलो. तेव्हापासून झोप नाही, तेच डोळ्यांपुढे येतं, पोलाजवळ गेलो की हातपाय थरथरतात. हे कागदावर लिहून द्या."

घटना, तारीख, "कामावर असताना" आणि "तेव्हापासून" या चार गोष्टी केसपेपरवर आल्या पाहिजेत. घाईत डॉक्टर लिहायचे राहिले तर पुन्हा विनंती करा. सोबत घरातलं कोणी तरी असू द्या. रात्री ओरडतो, पोरांवर ओरडतो, जेवत नाही, हे बायको किंवा आई जितकं सांगू शकते, तितकं स्वतः माणूस सांगत नाही.

पुढचा टप्पा मानसोपचार तज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष असतो. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं रुग्णालय, नागपूरचं मेडिकल आणि एम्स इथं मानसोपचार विभाग आहेत. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथं बाह्यरुग्ण विभागात दाखवायला गेलं म्हणजे भरतीच करतात, असं नाही. शेतकऱ्यांसाठी राज्यानं 2015 साली सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात 104 या क्रमांकावर समुपदेशन मिळतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक देशभर चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. फोनवरच्या बोलण्याचा दाव्यात मोठा उपयोग नाही, पण जीव नकोसा झाला असेल तर दावा बाजूला ठेवून आधी हा फोन करा. घरच्यांनीही करावा.

भगताकडे, देवऋषीकडे गेलात तर कोणी तुम्हाला बोल लावणार नाही. दवाखान्याची तारीख मात्र चुकवू नका. उपचारात तीन-चार महिन्यांची खोट पडली की मालकाचा वकील म्हणतो, "मधल्या काळात बराच होता." गोळ्या संपल्या की पुन्हा जा, कागदावर नवी तारीख पडू द्या. औषधाची पावती, बसचं तिकीट, भरतीचा खर्च सगळं एका पिशवीत ठेवा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाकडून परत मागता येतो.

गावात बोभाटा होईल, "पागल" म्हणतील, पोरीचं लग्न जमणार नाही, ही भीती खरी आहे आणि तिच्यापायी बरेच जण गप्प राहतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार तुमच्या उपचाराची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे, आणि तुमचे वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. मालकाला पाठवायच्या नोटीसमध्ये आजाराचं नाव किंवा गोळ्यांची नावं लिहायची गरज नाही.

दुसरी पायरी: घटना पक्की करा

घडलेलं कुठं कुठं नोंदलं गेलं, ते शोधा. 108 ची रुग्णवाहिका आली असेल तर तिची तारीख-वेळ. पोलिसांची डायरी किंवा पंचनामा. कारखान्यात अपघात नोंदवही. कारखान्यातला मोठा अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कळवावा लागतो, विजेचा अपघात विद्युत निरीक्षकाकडे, खाणीतला खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे. विद्युत निरीक्षकाचा अहवाल तर सोन्याच्या मोलाचा. माहिती अधिकारात अर्ज करून त्याची प्रत मागता येते.

सोबत्यांचे जबाब लवकर घ्या. मजूर हंगाम संपला की पांगतात. कोणी तेलंगणात मिरची तोडायला जातो, कोणी पुण्याकडे. साध्या कागदावर त्यांच्याच शब्दांत लिहून, सही किंवा अंगठा घेऊन, मोबाईल क्रमांक टिपून ठेवा. मुकादमाच्या ग्रुपवर आलेले व्हॉट्सअॅप मेसेज पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.

मजुरी किती होती याचा पुरावाही हवा: पगारपत्रक, बँकेचं पासबुक, फोनवरून आलेले पैसे, हजेरीकार्डाचा फोटो. भरपाईचं सगळं गणित मजुरीवर चालतं. पुरावा नसेल तर मालक ती कमी सांगतो.

तिसरी पायरी: मालकाला नोटीस

शक्य तितक्या लवकर लेखी कळवा. वकील लागत नाही. नोटीस साध्या भाषेत असावी, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. एक नमुना देते:

"प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, (कारखान्याचं किंवा कंपनीचं नाव व पत्ता). विषय: कामावरील अपघातातील इजेबाबत नोटीस. महोदय, मी (नाव, गाव, तालुका, जिल्हा) आपल्याकडे (ठेकेदाराचं नाव) यांच्यामार्फत (काम) करतो. दिनांक … रोजी सुमारे … वाजता (ठिकाण) येथे काम करीत असताना (काय घडलं ते दोन-तीन ओळीत). या अपघातामुळे मला शारीरिक व मानसिक इजा झाली असून माझ्यावर (दवाखाना) येथे उपचार सुरू आहेत व मी कामावर येऊ शकत नाही. कायद्याप्रमाणे नुकसानभरपाई व उपचाराचा खर्च मिळावा, ही विनंती. आपला, (सही, तारीख)."

"व मानसिक" हे दोन शब्द विसरू नका. नुसतं हाताचं लिहिलं आणि वर्षभरानं मनाचं मागायला गेलं, तर मागून रचलेली गोष्ट वाटते. नोटीस स्पीड पोस्टानं, नोंदणी आणि पोचपावतीसह पाठवा. पावती आणि पोचपावती जपा. मुख्य मालक आणि ठेकेदार दोघांना पाठवा. नोटीस द्यायची राहून गेली तरी घाबरू नका. मालकाला अपघात माहीत होता, हे दाखवता आलं तर तेवढ्यावरून दावा फेटाळत नाहीत.

नोटीस मिळाल्यावर मालक तीन दिवसांत स्वतःच्या खर्चानं तुमची वैद्यकीय तपासणी करायला सांगू शकतो. कारण नसताना नाही म्हणू नका, नाहीतर भरपाईचा हक्क थांबतो. जाताना घरचं माणूस सोबत न्या आणि त्या डॉक्टरलाही तीच गोष्ट, त्याच क्रमानं सांगा.

या काळात ठेकेदार वीस-तीस हजार हातावर टेकवून स्टॅम्प पेपरवर "सर्व भरून पावलो, यापुढे काही तक्रार नाही" असं लिहून घेतो. सही झाली असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. कायद्यानं मिळणारा भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल धरला जातो. सही झालेली नसेल तर करू नका, वाचल्याशिवाय तर नाहीच. खरी तडजोड करायची असेल तर ती आयुक्त किंवा सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवूनच करा.

चौथी पायरी: टक्केवारीचा दाखला आणि पैशाचं गणित

काही काळच कामावर जाता येत नसेल तर दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या 25 टक्के मिळतात, जास्तीत जास्त पाच वर्षं. 12,000 मजुरी असेल तर पंधरवड्याला 3,000. इजा 28 दिवसांहून कमी टिकली तर पहिल्या तीन दिवसांचे मिळत नाहीत.

कायमचा परिणाम राहिला तर हिशेब असा: मजुरीचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणक, आणि त्यातून कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितका भाग. वयाचा गुणक कायद्याच्या तक्त्यात आहे, 30 वर्षांना 207.98, 40 ला 184.17, 50 ला 153.09. तीस वर्षांचा, 12,000 मजुरीचा माणूस घ्या. 7,200 गुणिले 207.98 म्हणजे 14,97,456. कमाईची क्षमता 30 टक्के गेली, असं डॉक्टरनं लिहिलं तर 4,49,237 रुपये. 2020 पासून हिशेबासाठी मजुरीची कमाल मर्यादा 15,000 धरली जाते, जास्त कमावत असलात तरी.

हे टक्के कुठून आणायचे, इथं सगळ्यात मोठा गोंधळ होतो. हात-पाय-बोट तुटलं तर टक्के कायद्यातच ठरलेले आहेत. मनाच्या इजेला असा तक्ता नाही, म्हणून पात्र डॉक्टरनं कमाईच्या क्षमतेतली घट स्वतः ठरवून लिहावी लागते. अपंगत्वाचा सरकारी दाखला ही वेगळी गोष्ट आहे. तो मानसिक आजारालाही मिळतो, काढून ठेवा, पण त्यावरचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत. मानसोपचार तज्ज्ञाला स्पष्ट सांगा की "हा माणूस त्याचं नेहमीचं काम किती करू शकतो" हे लिहून हवं आहे. वायरमन पोलवर चढूच शकत नसेल तर त्याचं वायरमनचं काम गेलं. 1975 साली सर्वोच्च न्यायालयानं डावा हात गमावलेल्या सुताराला पूर्ण अक्षम मानलं होतं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. मनाच्या इजेलाही हीच कसोटी लावायला वकिलाला सांगा. हा दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलावलं जाऊ शकतं, म्हणून येण्याची तयारी असलेल्या डॉक्टरचाच घ्या.

पाचवी पायरी: अर्ज

अपघातापासून दोन वर्षांच्या आत अर्ज झाला पाहिजे. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, आणि मानसिक आजारानं माणूस घराबाहेरच पडत नव्हता हे कारण दवाखान्याच्या कागदांनी दाखवता येतं. पण त्या आशेवर बसू नका.

अर्ज अपघात झाला त्या ठिकाणीही करता येतो आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही. तेलंगणात किंवा गुजरातमध्ये अपघात झालेल्या गडचिरोलीच्या माणसाला तिकडे तारखांना जायची गरज नाही. आपल्याकडे हे दावे बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयात आणि ते नसेल तिथं वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालत आले आहेत. संहितेनंतर तुमच्या जिल्ह्यात कोणाकडे अर्ज घेतात, ते सहायक कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या.

वकिलाच्या फीला घाबरून घरी बसू नका. तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, 15100 वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीतले, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना तिथं वकील मोफत मिळतो. मिळालेल्या वकिलाला मनाच्या इजेचा दावा नवा असू शकतो. त्याला कागदांची पिशवी तारखेच्या क्रमानं लावून द्या आणि दोन पानांत सगळी हकिगत लिहून द्या. चांगल्या वकिलालाही याचा फार आधार होतो.

ड्रायव्हर मंडळींसाठी एक गोष्ट: रस्त्यावरच्या अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जायचं की या कायद्यात, यातलं एकच निवडता येतं. आधी वकिलाशी बोला, मगच सही करा.

एक दिवस नसेल, जाचच असेल तर

ईएसआय असेल तर अपघात सिद्ध करायची गरज नाही. आजारपणात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. काही दीर्घ आजारांसाठी 80 टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात, आणि त्या आजारांत स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य यांसारखे मानसिक आजार आहेत. त्यासाठी नोकरी दोन वर्षांची आणि वर्गणी पुरेशी असावी लागते.

जाच लैंगिक असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखाली तीन महिन्यांच्या आत तक्रार करा. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती ती घेते, आणि शेतावरची मजूरही तिथं जाऊ शकते. त्या कायद्यात भरपाई ठरवताना मानसिक धक्का, यातना आणि मनस्ताप विचारात घ्यायचे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मनाच्या दुखण्याला इतकी सरळ जागा देणारे कायदे आपल्याकडे थोडे आहेत, म्हणून बायाबापड्यांनी हे दार विसरू नये.

सरकारी नोकरीत असताना मानसिक आजारानं अपंगत्व आलं तर त्या कारणानं काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 ते संरक्षण देतो.

निकालानंतर

भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत मालकानं द्यायची असते. उशीर केला तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. हे दोन्ही अर्जातच मागून ठेवा, नंतर आठवून उपयोग होत नाही. निकाल विरोधात गेला तर 60 दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील करता येतं, पण कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. मालकाला अपील करायचं असेल तर त्याला आधी ठरलेली रक्कम जमा करावी लागते. ती जमा झाली का, हे तुमच्या वकिलाला त्याच आठवड्यात तपासायला सांगा, आणि जमा झाली असेल तर काही भाग उपचारासाठी काढू देण्याचा अर्ज लगेच करा.